आधी माणसं, मग इमारत

संस्था काढणं सोपं असतं. ती चालवणारी माणसं शोधणं आणि टिकवणं अवघड असतं. आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा या प्रश्नाने आयुष्यभर पिच्छा सोडला नाही. त्याचीच ही गोष्ट.

तुमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये हे घडलंच असेल. चार-पाच जण एकत्र येतात, वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासवर्ग सुरू करतात. ग्रुपला मस्त नाव मिळतं, कुणीतरी लोगो करून देतं, पहिल्या वर्षी पोरंही भरपूर जमतात. सगळी धावपळ मात्र एकच दादा किंवा एकच ताई करत असते. देणगी तिनेच मागायची, खडू तिनेच आणायचे, कुलूपही तिनेच उघडायचं. मग त्या दादाला पुण्यात नोकरी लागते किंवा ताई परीक्षेच्या तयारीला दिल्ली गाठते. पुढच्या जूनमध्ये वर्गाची किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला माहीत नसतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तेवढा चालू राहतो, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला.

अशा वेळी उत्साह कमी पडला असं आपण म्हणतो. पण नीट बघितलं तर कमी पडलेला असतो दुसरा माणूस. पहिल्याच्या जागी उभा राहील असा. तो कुणी शोधलेला नसतो, तयार केलेला नसतो.

विद्यापीठाकडे जाताना नागसेनवनाचा परिसर लागतो. आपल्यातले कितीतरी जण तिथे शिकले, काहींचे आई-वडीलही तिथेच शिकले. मिलिंद महाविद्यालय १९५० सालचं. ते काढणारा माणूस त्यानंतर जेमतेम साडेसहा वर्षं जगला, आणि त्यातला बहुतेक काळ तो या शहरात नव्हताच. तरी कॉलेज चाललं. हे कसं जमलं असेल?

त्यांनाही कुणीतरी शोधलं होतं

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. वडील रामजी सुभेदार लष्करातले. शाळेत वेगळं बसावं लागणं, पाणी दुसऱ्याने ओतलं तरच प्यायला मिळणं, हे सगळं आपण पाठ्यपुस्तकात वाचलेलं आहे. पाठ्यपुस्तकात थोडक्यात येतं ते वेगळंच : हा मुलगा आपोआप वर आला नाही. त्याला हेरणारी माणसं होती.

पहिले कृष्णाजी अर्जुन केळुसकर, म्हणजे केळुसकर गुरुजी. मुंबईच्या बागेत पुस्तक घेऊन बसणारा हा विद्यार्थी त्यांच्या नजरेत भरला. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पण गुरुजी भेट देऊन थांबले नाहीत. पुढचं शिक्षण पैशावाचून अडतंय असं दिसल्यावर त्यांनी या मुलासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करार असा होता की शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची.

म्हणजे बघा, संस्थानाने माणूस अचूक हेरला, त्याच्यावर पैसा खर्च केला, करारही पक्का केला. पुढे काय झालं?

१९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडन बघून आलेला हा तरुण बडोद्यात उतरला, तर त्याला राहायला जागा मिळेना. कचेरीतले शिपाई फाइली हातात देण्याऐवजी लांबून टेबलावर टाकायचे. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी खोली मिळवली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि तिथूनही त्यांना बाहेर पडावं लागलं. महाराजांचा हेतू चांगला होता, पण राहण्याची सोय काही झाली नाही. एका बागेत तासन्‌तास बसून काढल्यावर त्या रात्री त्यांनी मुंबईची गाडी पकडली. दहा वर्षांचा करार तिथेच संपला.

माणूस टिकवायचा तर करार आणि पगार पुरत नाहीत, हे बडोद्याला तेव्हा कळलं की नाही कुणास ठाऊक. बाबासाहेबांना मात्र ते स्वतःच्या अंगावर कळलं होतं. भोवतालचे लोक ज्याला माणूस म्हणून वागवत नाहीत, तो कितीही हुशार असला तरी तिथे राहू शकत नाही.

मूकनायक का बंद पडला?

पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी मूकनायक हे पाक्षिक काढलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी या तरुणाकडे बोट दाखवून, हाच तुमचा पुढारी, असं लोकांना सांगूनही टाकलं. वय होतं २८, तिशीही गाठली नव्हती.

पण शिक्षण अर्धं राहिलेलं होतं. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. सरकारी नोकरीमुळे मूकनायकवर संपादक म्हणून आधीपासूनच दुसऱ्यांचं नाव होतं. पांडुरंग भटकर आणि नंतर ज्ञानदेव घोलप यांच्याकडे तो होता. बाबासाहेब तिकडे एकवेळ उपाशी राहून ग्रंथालयात बसत होते आणि इकडे पत्र डळमळत होतं. पैशाची अडचण, आपसातल्या कुरबुरी, आणि चालवणाऱ्याची गैरहजेरी. १९२३ पर्यंत मूकनायक बंद पडलं.

ओळखीची वाटते ना ही गोष्ट? दादा पुण्याला गेला, वर्ग बंद झाला. इथे दादा लंडनला गेला, एवढाच फरक.

बॅरिस्टर होऊन परतल्यावर २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने वसतिगृहं, वाचनालयं सुरू केली, सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं. ३ एप्रिल १९२७ रोजी बहिष्कृत भारत हे पाक्षिक आलं. यातला बराचसा मजकूर ते एकटे लिहायचे. एकीकडे वकिली, दुसरीकडे महाडची लढाई, रात्री जागून अंक भरायचा. किती दिवस चालणार? दोन-अडीच वर्षांत तेही थांबलं.

दोन पत्रं, दोन वेगळी कारणं. एक बंद पडलं कारण ते तिथे नव्हते. दुसरं बंद पडलं कारण तिथे ते एकटेच होते.

तिसऱ्यांदा त्यांनी वेगळं केलं. समाज समता संघाचं समता नावाचं पत्र देवराव नाईक चालवत होते. हा माणूस नेमाने अंक काढतो हे बाबासाहेबांनी आधी पाहिलं होतं. १९३० च्या नोव्हेंबरमध्ये जनता सुरू झालं तेव्हा संपादकाची खुर्ची त्यांनी नाईकांना दिली. पुढे भास्करराव कद्रेकर, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे अशा सहकाऱ्यांनी ते सांभाळलं. बाबासाहेब गोलमेज परिषदेला गेले, पक्ष काढला, मंत्री झाले, घटना लिहिली, आणि जनता निघतच राहिलं. १९५६ मध्ये त्याचं नाव प्रबुद्ध भारत झालं. म्हणजे २५ वर्षांहून जास्त. मूकनायकाला तीन वर्षं जेमतेम मिळाली होती.

कुणाला घ्यायचं, कुणाला नाही

या नावांकडे पुन्हा एकदा बघा. नाईक, सहस्रबुद्धे. महाडच्या सत्याग्रहात अनंतराव चित्रे होते, महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते. यातले कुणी अस्पृश्य समाजातले नव्हते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळायचा ठराव ज्यांनी मांडला, ते सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण होते.

हे काही आपसूक झालं नाही. महाडच्या वेळी ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर पाठिंबा द्यायला तयार होते. अट एकच : या लढ्यात ब्राह्मण नकोत. जेधे-जवळकर म्हणजे त्या काळचं मोठं नाव, मोठी ताकद. बाबासाहेबांनी अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, त्या जातीत जन्मलेल्या माणसाला नाही, अशी त्यांची भूमिका होती. कामाला लायक आणि विचाराला पक्का, हे दोन निकष त्यांना पुरेसे होते.

याचा अर्थ आपल्या माणसांतून पुढारी घडवायचे नाहीत, असा मात्र अजिबात नव्हता. नाशिकचे भाऊराव कृष्णराव गायकवाड, म्हणजे दादासाहेब, हे त्याचं मोठं उदाहरण. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघाले. पुन्हा तेच, नेता परदेशात आणि काम इथे! पण या वेळी नाशिकला गायकवाड होते. लाठ्या, तुरुंग, गावागावांतला बहिष्कार सोसत सत्याग्रह पुढची काही वर्षं चालू राहिला.

बाबासाहेब गायकवाडांना सतत पत्रं लिहायचे. त्यांच्यातला हा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपानेही आला. १९३४ च्या मार्चमध्ये त्यांना वाटायला लागलं की हा सत्याग्रह आता थांबवावा. तेव्हा नुसता निरोप धाडून ते मोकळे झाले नाहीत. सत्याग्रह का सुरू केला होता, त्यातून काय साधलं, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे का वळवायची, हे त्यांनी गायकवाडांना सविस्तर लिहिलं. चार वर्षं मार खाल्लेल्या कार्यकर्त्याला थांबायला सांगायचं तर कारण द्यावं लागतं. ते दिलं नाही की माणूस तुटतो. गायकवाड तुटले नाहीत. बाबासाहेब गेल्यानंतर १९५९ मध्ये आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह याच दादासाहेबांनी उभे केले. त्यातल्या पहिल्यात आपला मराठवाडाही होता.

प्राचार्य कोण?

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात त्यांनी दलित विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवायची सोय सरकारकडून करून घेतली. बडोद्याने त्यांच्यासाठी जे केलं होतं, ते आता ते दुसऱ्यांसाठी करत होते.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. सकाळचे वर्ग, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावं. आता प्रश्न होता प्राचार्याचा. बाबासाहेब स्वतः सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य राहिलेले होते, ही खुर्ची काय असते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी निवडलं प्रा. अश्वत्थामाचार्य बाळाचार्य गजेंद्रगडकरांना. गजेंद्रगडकर संस्कृतचे मोठे पंडित होते, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले.

मनुस्मृती जाळणाऱ्याच्या कॉलेजात संस्कृत पंडित प्राचार्य! अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. पण हिशेब साधा होता. खेड्यातून, चाळीतून येणाऱ्या पोरांना दुय्यम दर्जाचं कॉलेज द्यायचं नव्हतं. एल्फिन्स्टनला जे मिळतं ते इथे मिळायला हवं होतं, मग ते देऊ शकणारा माणूस आणायला हवा होता.

याच कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद होती. सत्ताधारी बाक, विरोधी बाक, विधेयकं, वादविवाद, सगळं. बाबासाहेब कायदेमंत्री असताना या पोरांच्या संसदेपुढे येऊन बोलले. भाषण कसं करायचं, विरोधकाला उत्तर कसं द्यायचं, नियम पाळून कसं भांडायचं, याची ती तालीम होती. नेता घडवायचा तर त्याला चुकायला एक सुरक्षित जागा लागते. ही तशी जागा होती.

मग ते औरंगाबादला आले

मराठवाड्याचं चित्र तेव्हा काय होतं, ते आपल्या आजीला किंवा आजोबांना विचारा. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं. अख्ख्या संस्थानाला विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया, आणि तिथे शिक्षण उर्दूतून. औरंगाबादला सरकारी इंटर कॉलेज होतं, पुढे शिकायचं तर हैदराबाद गाठायचं. ज्याच्या घरी दोन वेळची भाकर नाही, तो हैदराबाद कुठून गाठणार? दलित पोरांची तर गोष्टच सोडा.

बाबासाहेबांना हा भाग नवा नव्हता. ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी दलितांची परिषद भरवली होती, तिला ते आले होते. निजामाच्या हद्दीत अशी परिषद भरवायची म्हणजे जिगर हवी. म्हणजे इथे मातीत माणसं होती. त्यांना शिकायला जागा नव्हती.

घटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झालं. लक्षात घ्या, इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते बसली ती १ सप्टेंबर १९५१ ला. म्हणजे पायाचा दगड बसायच्या आधी वर्षभर तास चालू होते. शिक्षक होते, विद्यार्थी होते, वेळापत्रक होतं. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. आधी कमान, मग नामफलक, मग उद्घाटन, आणि शेवटी शिकवणार कोण याची शोधाशोध.

कोनशिलेचा तो महिनाही साधा नव्हता. दिल्लीत हिंदू कोड बिलावरून रान पेटलं होतं. त्याच सप्टेंबरच्या २७ तारखेला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. प्रकृती ढासळत होती, मधुमेहाने पाय धरले होते. दिल्ली, मुंबई आणि औरंगाबाद ही धावपळ एका माणसाच्या आवाक्यातली नव्हती. इथे रोज उभा राहणारा माणूस हवाच होता.

तो माणूस म्हणजे प्राचार्य म. भि. चिटणीस. सिद्धार्थ कॉलेजात त्यांचं काम बाबासाहेबांनी जवळून पाहिलं होतं. मुंबईतलं कॉलेज सोडून त्या काळच्या औरंगाबादेत येणं म्हणजे उजाड माळरानावर संसार मांडण्यासारखंच होतं. चिटणीस आले आणि रमले. प्रवेशाला येणारं पोरगं कुठल्या तांड्यावरून, कुठल्या वाड्यातून आलंय, त्याच्या राहण्या-जेवणाचं काय, हा इथला रोजचा प्रश्न होता. कॉलेजसोबत वसतिगृह चालवावं लागतं, हे बाबासाहेबांना सोलापूरपासून माहीत होतं. औरंगाबादला तर त्याशिवाय वर्ग भरणंच अवघड होतं.

चिटणीस नुसते कारभारी नव्हते. ते नाटककारही होते. १९५५ मध्ये त्यांनी युगयात्रा हे नाटक लिहिलं. शतकानुशतकांचा अस्पृश्यांचा प्रवास त्यात होता. कॉलेजच्या पोरांनी ते बसवलं आणि बाबासाहेबांनी इथे प्रेक्षकांत बसून पाहिलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये धम्मदीक्षेसाठी नागपुरात लाखो लोक जमले, तेव्हा त्यांच्यासमोरही त्याचा प्रयोग झाला. प्राचार्याने नाटक लिहावं, पोरांनी करावं आणि संस्थापकाने समोर बसून बघावं. असा प्राचार्य संस्था सोडून का जाईल? त्याला इथे स्वतःचं काहीतरी करता येत होतं. माणूस टिकायला बरेचदा एवढंही पुरतं.

आणि नाव? मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. वादात भल्याभल्यांना हरवणारा. त्याची गाठ नागसेन या भिक्खूशी पडली. नागसेनाने त्याला विचारलं की तू रथातून आलास, तर रथ म्हणजे नेमकं काय? चाक म्हणजे रथ का? आस? जू? राजाला उत्तर देता येईना, आणि आपलं चुकलं हे त्याने मान्य केलं. बाबासाहेबांनी कॉलेजला नाव दिलं मिलिंदचं, उत्तर शोधत शिकणाऱ्या राजाचं. परिसराला नाव दिलं नागसेनवन. स्वतःचं नाव कुठेच दिलं नाही.

उशिरा भरलेली शाळा

इथवर वाचून वाटेल की बाबासाहेबांना माणसं शोधायचं गणित पूर्ण सुटलं होतं. तसं नाही. उलट शेवटच्या वर्षात हीच काळजी त्यांना जाळत होती.

१८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत त्यांनी मनातली खंत उघड बोलून दाखवली. शिकून नोकरीला लागलेली माणसं समाजाकडे पाठ फिरवतात, आपलं आणि आपल्या घराचं बघतात, याचं त्यांना फार दुःख होतं. ज्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या मिळवल्या, वसतिगृहं काढली, त्यातले बरेच जण परत आलेच नव्हते. बडोद्यातून जागा मिळाली नाही म्हणून ते स्वतः निघून आले होते. इथे मात्र जागा होती, काम होतं, हाक मारणारे लोक होते. तरी माणसं येत नव्हती.

१ जुलै १९५६ ला त्यांनी मुंबईत राजकारणात येणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची शाळा सुरू केली. सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल शां. शं. रेगे तिचं काम बघत होते. पहिल्या तुकडीला विद्यार्थी होते १५. देशाची घटना लिहिणारा माणूस, आणि हाताशी १५ विद्यार्थी! पण त्यांना ही संख्या लहान वाटली नसावी. आमदार-खासदार व्हायच्या आधी माणसाने अर्थशास्त्र, कायदा, संसदेचं काम शिकायला हवं, हे त्यांचं जुनं म्हणणं होतं. ते आता शाळेच्या रूपात आलं होतं.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. ही शाळा मार्च १९५७ मध्ये बंद पडली. मूकनायकासारखीच. चालवणारा मनुष्य गेला, शाळा गेली.

मागे काय राहिलं

३ ऑक्टोबर १९५७ ला त्यांच्या कल्पनेतला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. काही वर्षांतच त्याचे गट पडले, मग गटांचे गट पडले. ते आपण आजही बघतो. त्याच वर्षांत नागसेनवनात मात्र दर जूनला प्रवेश होत राहिले.

असा फरक का पडला? माणसं तर दोन्हीकडे बाबासाहेबांनीच जमवलेली. एक कारण सरळ आहे. कॉलेजात कुणाचं काम काय, हे ठरलेलं होतं. प्राचार्य बदलला तर दुसरा येतो, तास ठरलेल्या वेळी होतो. पक्षात मात्र शेवटचा शब्द कायम बाबासाहेबांचा होता, आणि ते गेल्यावर तो कुणाचा, हे ठरवायची रीत तयार झालेली नव्हती. लोकांची त्यांच्यावरची श्रद्धा एवढी मोठी होती की त्यांच्या हयातीत तशी गरजच कुणाला वाटली नाही. हे त्यांचं एकट्याचं अपयश नाही. जवळजवळ सगळ्या मोठ्या माणसांच्या संघटनांचं हे दुखणं आहे.

आणि कॉलेज म्हणजे सगळं गोडगोड, असंही नाही. पुढच्या काळात सोसायटीलाही वाद आणि कोर्टकचेऱ्या चुकल्या नाहीत. तरी वर्ग भरत राहिले, ही गोष्ट खरी. चिटणिसांनंतर डॉ. म. ना. वानखडे यांच्यासारखा अमेरिकेत शिकून आलेला प्राचार्य मिलिंदला मिळाला. तिथल्या काळ्या लेखकांचं साहित्य त्यांनी इथल्या पोरांना दाखवलं, आणि तुम्हीही तुमचं लिहा म्हणून त्यांच्या मागे लागले. डॉ. गंगाधर पानतावणे याच कॉलेजात शिकवत होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथूनच अस्मिता हे नियतकालिक निघालं, तेच पुढे अस्मितादर्श झालं. पानतावण्यांनी ते आयुष्यभर चालवलं, आणि दलित साहित्याच्या कितीतरी लेखकांचं पहिलं लेखन त्यात छापून आलं. यातलं काहीच बाबासाहेबांनी ठरवून दिलेलं नव्हतं. त्यांनी शोधलेल्या माणसांनी पुढची माणसं शोधली.

२३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. त्याला बाबासाहेबांचं नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. त्या सोळा-सतरा वर्षांच्या लढ्यात किती जणांची घरं जळाली, किती जणांनी जीव दिला, हे या शहराला नव्याने सांगायला नको. त्या लढ्यात पुढे असलेल्यांमध्ये नागसेनवनातली पोरं होतीच.

आता आपल्या ग्रुपकडे येऊ. १४ एप्रिलला आपण मिरवणूक काढतो, डीजे लावतो, ६ डिसेंबरला पांढरे कपडे घालून अभिवादन करतो. ते करूच. पण बाबासाहेबांची संस्था चालवायची पद्धत उचलायची तर सुरुवात फार लहान गोष्टीपासून होते. जो नेमाने येतो त्याला एक छोटं काम पूर्ण द्या, जसं देवराव नाईकांच्या हाती आधी समता होतं. तो चुकला तर सगळ्यांसमोर झापू नका. निर्णय बदलला तर त्याला कारण सांगा, गायकवाडांना कळवलं तसं. तो दुसऱ्या गल्लीतला आहे, दुसऱ्या जातीचा आहे, याने बिथरू नका. आणि सगळ्यात अवघड म्हणजे आपण स्वतः दोन आठवडे बाजूला राहून बघा, काय चालतं आणि काय थांबतं ते.

जे थांबेल, तिथे तुम्हाला अजून माणूस शोधायचा आहे. जून फार लांब नाही. या वर्षी वर्गाची दुसरी किल्ली कुणाकडे देणार आहात?